वापरून झालेला कोळसा

रत्नागिरीहून कुणी परत आलं की आमच्या सांगलीत पहिला प्रश्न येतो, "काय आणलंत?" शेजारच्या वहिनींनी मलाही तोच विचारला. मी म्हटलं, "काही नाही." त्यांना वाटलं, बाई चिक्कू आहेत, आमसुलंसुद्धा वाटायची नाहीत. वाटू दे. कॉलेजातल्या मंडळींनी मात्र पिच्छाच पुरवला, की लिहा लिहा, आम्ही कुठं कोकण बघितलंय. त्यांना माड हवेत, समुद्र हवा, मासे हवेत. तेही येईल ओघात. पण मी कशासाठी गेले होते ते आधी सांगते.

मी वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवते. स्वभाव एक घाव दोन तुकडे असा, त्यामुळे विद्यार्थी घाबरतात आणि पास झाल्यावर पत्रं पाठवतात. त्यातला एक मधुकर. त्यानं पालीच्या अलीकडं एका वाडीजवळ लहानसा कारखाना काढला होता. वाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सायकलची हँडलं, नळाच्या तोट्या असल्या वस्तूंना तिथं क्रोमचा चकचकीत मुलामा देतात. मुलामा दिलेल्या वस्तू धुतलेलं पाणी पिवळं निघतं, आणि त्यातलं क्रोमियम हे विष आहे. ते पाणी उतारावरून पऱ्ह्यात जायचं. पऱ्ह्या म्हणजे डोंगरातून येणारा ओढा. त्याच्या काठाला पार्वती नावाच्या बाईचं एकटं घर आणि विहीर. दोन वर्षांत त्या विहिरीचं पाणी पिवळसर झालं. वाडीची दुसरी विहीर वर चढावर, ती फेब्रुवारीतच तळ गाठते.

पार्वतीचा नवरा मुंबईला गोदीत कामाला. त्यानं बजावलं होतं, की विहीर सुधारली तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून मुलीला घेऊन मुंबईला ये. मुंबईच्या त्या खोलीत आधीच सहा माणसं. पार्वतीला जायचं नव्हतं. भातशेती ती एकटी बघायची, मुलगी शाळेत पहिली यायची. मधुकर माणूस वाईट नाही. त्यानं मला लिहिलं, "बाई, काहीतरी उपाय सांगा. त्या घराला कुलूप लागलं तर ते माझ्यामुळं लागेल."

उपाय माझ्याकडं होता. नारळाच्या करवंटीचा कोळसा नीट केला तर पाण्यातलं क्रोमियम धरून ठेवतो, हे मी प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा करून बघितलं होतं. मधुकरला पाच पानी पत्र लिहिलं. करवंटी कशी जाळायची, कोळसा किती बारीक कुटायचा, पिंपात कसा भरायचा, पाणी किती सावकाश सोडायचं, कोळसा बदलायची वेळ कशी ओळखायची. वर्षभर काम चाललं. मग त्याचं पत्र आलं, "विहीर नितळ झाली. बघायला या." जानेवारीत सुट्टी टाकून मी निघाले. मिरवायला निघाले म्हणा ना, खोटं कशाला बोलू!

शुक्रवार, पाली

आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटते. आमच्याकडं जानेवारीत ओठ फुटतात, इथं शाल पिशवीतच राहिली. माती लाल, दगड लाल, घरांचे चिरे लाल, आणि त्यावर आंब्याचा मोहोर असा घमघमत होता की मला शिंका सुटल्या. कंडक्टर म्हणाला, "घाटावरच्या पावन्यांना मोहोर बाधतो." मला पाहुणी म्हणून ओळखायला त्याला शिंकाच पुरल्या.

मधुकर पालीच्या नाक्यावर उभा होता. केस पिकायला लागलेत, पण माझ्यासमोर अजून हात मागं बांधून उभा राहतो. थेट कारखान्यावर गेलो. पत्र्याची शेड, आत वाफा, मागच्या बाजूला ओळीनं चार पिंपं. पहिल्यात पिवळं पाणी शिरत होतं, चौथ्यातून स्वच्छ बाहेर येत होतं. माझ्या पेटीत एका औषधाची बाटली असते. पाण्यात हे विष असलं तर चार थेंबांत पाणी जांभळं होतं, नसलं तर काही होत नाही. चौथ्या पिंपाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. काही झालं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर वाफेमुळं आलं असं मी मधुकरला सांगितलं.

पिंपांची सगळी निगा पार्वतीच राखायची. "विहीर माझी, तर काम पण माझं," असं म्हणून तिनंच ते मागून घेतलं होतं. मी तिच्याकडंच उतरणार होते. पस्तिशीची, काटक, बोलायला मोकळी. मला बघून म्हणाली, "अगो बाय! मला वाटलं, केवढ्या थोरल्या असतील बाई. ह्या तर माझ्यापेक्षा बारक्या!" मी पावणेपाच फुटांची आहे, हे सांगायला हवं. तिची मुलगी शालन दाराआड उभी राहून तोंडावर हात धरून हसत होती. मला वाटलं, लाजते.

विहीर बघितली. तळाचे चिरे दिसत होते. पार्वतीनं कळशी काढली, तांब्या भरून पुढं केला, आणि मी घटाघट प्यायले. पाणी तपासायचं माझ्या मनातही आलं नाही. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

रात्री उकड्या तांदळाचा भात, कुळथाचं पिठलं, परसातला लाल माठ आणि सोलकढी. आमच्याकडं भाकरी मोडल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही. पार्वतीला ते कुठून कळलं कोण जाणे, तिनं तांदळाची भाकरीही थापली होती. वाढताना तिच्या दोन बोटांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या. विचारलं तर म्हणाली, "पान्यात हात असतात सारखे. व्हतंय." मी माठाची भाजी दोनदा मागून घेतली.

शनिवार, तिथंच

सकाळी लक्षात आलं की टूथपेस्ट सांगलीला मोरीतल्या फळीवरच राहिली. दुसऱ्यांच्या विसरभोळेपणावर मी तासभर बोलू शकते, स्वतःच्या बाबतीत गप्प बसते. पार्वती म्हणाली, "आमची राखुंडी घ्या की, घरची हाय." करवंटीच्या वाटीत वस्त्रगाळ राख, त्यात मीठ. रंग किंचित पिवळट. मी म्हटलं हळद घातली असेल, कोकणी बायका कशातही हळद घालतात. दात लख्ख निघाले. हिरड्यांना जरा चरचरलं, ते मिठामुळं असेल असं वाटलं. उलट मीच तिला म्हणाले, "शहरातले लोक मूर्ख गं, नळीतला साबण विकत घेऊन तोंडात घालतात."

ती एवढी खूश झाली! शालनला हाक मारून सांगितलं, "ऐकलंस? बाईंना आवडली राखुंडी." शालन पेज पीत होती. घोट घेताना डोळे मिटत होती. गरम असेल, असं वाटलं मला. त्या दोन दिवसांत मला किती गोष्टी अशा 'वाटल्या', ते आता आठवतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

दुपारी वाडीतल्या बायका बघायला आल्या. ही बाई कोळशानं पाणी धुते म्हणे! एकीनं विचारलं, "कोळशानं हात काळं व्हतात, नि पानी पांढरं कसं व्हतं?" मी खुलून तासभर बोलले. पार्वती अशी बसली होती, जसं काही हे सगळं तिच्याच माहेरचं आहे. सगळ्या गेल्यावर ती म्हणाली, "बाई, तुमी नसतात तर ह्या दाराला कुलूप असतं." मला फार बरं वाटलं ते ऐकून.

रविवार, पूर्णगड

कोळसा कुठं तयार होतो ते बघायचं म्हणून मधुकरबरोबर पूर्णगडला गेले. पावस गावाच्या पुढं खाडी दिसायला लागली आणि मी बोलायची थांबले. मधुकर म्हणतो, तो दिवस त्यानं लिहून ठेवायला हवा होता. किल्ला एवढासा, पण वर चढलं की एकीकडं खाडी आणि समोर सगळा समुद्र. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेला वेळ तापलेल्या दगडांवरून अनवाणी, तोंडानं स्स-स्स करत फिरले.

धोंडू तांडेल हा कोळसा करणारा. पूर्वी होडीवर तांडेल, म्हणजे नाखवा. आता गुडघे धरल्यामुळं किनाऱ्यावर. खड्ड्यात करवंट्या पेटवून वरून पत्रा आणि माती टाकायची, हवा कोंडायची, दोन दिवसांनी उकरायचं. माझ्या पत्रातल्या सूचना त्यानं नीट ऐकून घेतल्या होत्या आणि एकही पाळली नव्हती. तरी कोळसा माझ्यापेक्षा चांगला निघत होता. मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तुमी कागदावर जाळलंत, बाय. आमी खड्ड्यात जाळतो."

त्याच्या बायकोनं बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. मी आयुष्यात पहिल्यांदा मासा खाल्ला आणि काटा घशात अडकवून घेतला. सगळ्यांनी सुका भात गिळायला लावला, पाठीत गुद्दे घातले. धोंडूची बायको हसून हसून भिंतीला टेकली. जेवणानंतर तिनं ताटातले काटे गोळा केले आणि माडाच्या मुळाशी टाकले. मी म्हटलं, "काटेसुद्धा फुकट घालवत नाही तुम्ही!"

"फुकट कसं घालवायचं?" धोंडू म्हणाला. "माडाचं झाप छपराला, नारळाचं सोडण चुलीला, करवंटी तुमच्या पिंपाला. जळल्याची राख परत माडाला, भांड्याला, दाताला. आमच्यात काय पण टाकत नाय, बाय."

मी मान डोलावली. कौतुकानं डोलावली. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून खाडीकडं बघत असताना ते वाक्य पुन्हा आठवलं. करवंटी पिंपाला, हे ठीक. पण पिंपातून काढल्यावर?

मी माझं पाच पानी पत्र मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला ते पाठ आहे. शेवटची ओळ होती, 'जुना कोळसा काढून नवा भरावा.' काढलेल्या कोळशाचं काय करावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. शेजारी बसलेल्या मधुकरला विचारलं, "जुना कोळसा कुठं टाकता?"

"टाकायचा कशाला?" तो म्हणाला. "पार्वती वाळवून घरी नेते. तेवढंच तिचं सरपण वाचतं. मीच तिला म्हटलं, घेऊन जा."

मी खिडकीच्या गजावर डोकं टेकलं. त्याला वाटलं, बस लागली.

रविवार संध्याकाळ, विहिरीवर

हे समजावून सांगायला हवं, म्हणजे माझी चूक केवढी ते कळेल. कोळसा विष नाहीसं करत नाही, धरून ठेवतो. पिवळ्या पाण्यातून उचललेलं क्रोमियम त्याच्या अंगात बसून राहतं. असा कोळसा जाळला की कोळसा जातो, क्रोमियम राखेत उरतं, आणि राखेतल्या क्षारांबरोबर तापलं की पुन्हा तेच पिवळं विष तयार होतं, पहिल्यापेक्षा कितीतरी दाट. ही क्रिया मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि ज्यांना येत नाही त्यांना वर्गाबाहेर काढते.

पोचले तेव्हा पार्वती विहिरीच्या कठड्याशी बसून राखेनं भांडी घासत होती. तीच पिवळट राख. बाजूला न्हाणीच्या चुलीतून काढलेल्या राखेचा ढीग, त्याला लागून लाल माठाचा वाफा. वाफ्यातही राख टाकलेली. भांडी विसळलेलं पाणी कठड्याच्या भेगेतून आत ओघळत होतं.

"पार्वती, हात दाखव बघू."

चिंध्या सोडल्या. बोटांवर वाटाण्याएवढे गोल, खोल व्रण. शालनला बोलावलं, आ करायला लावलं. हिरड्या सोललेल्या, ओठाच्या आत चट्टे. पोर लाजून तोंडावर हात धरत नव्हती, तिला दुखत होतं. तीन दिवस मी तिच्यासमोर बसून जेवत होते.

पेटी आणली. परीक्षानळीत विहिरीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. दोन थेंब साडीवर पडले. नळीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग जांभळं.

पार्वती माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं असलं काही आयुष्यात बघितलेलं नव्हतं. टाळी वाजवून म्हणाली, "बघ गो शालन, काय रंग इलाय! बाई, चांगलं झालं ना पानी?"

मला सांगावं लागलं. उभं राहून सांगवेना, म्हणून भिजलेल्या चिऱ्यावर तिच्याशेजारी बसले. साध्या शब्दांत सांगितलं, सगळं. ती ऐकत होती आणि हातातलं पातेलं तसंच धरून होती. माझं संपल्यावर तिनं ते खाली ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे मीच घातलं? माज्या हातानं, पोरीच्या तोंडात?"

"तू नाही गं. मी लिहिलं नाही, म्हणून झालं."

"पन हात माजा हाय ना, बाई."

शालन अंगणात उभी राहून आमच्याकडं बघत होती. पार्वती उठली, घरात गेली, राखुंडीची वाटी आणून त्या ढिगावर पालथी केली. मग तिथंच मटकन बसून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झिडकारला नाही, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

सोमवार, रत्नागिरी

मधुकरला सकाळी सांगितलं. तो पांढराफटक पडला. मग हळूच म्हणाला, "बाई, तुमच्या पत्रात नव्हतं ते." टोमणा नव्हता तो. त्यानं माझं पत्र परीक्षेच्या उत्तरासारखं शब्दन् शब्द पाळलं होतं. मला ओरडता आलं असतं तर सोसलं असतं, पण ओरडायचं कुणावर?

पार्वती आणि शालनला घेऊन रत्नागिरीला डॉक्टरांकडं गेले. भला माणूस. मलम दिलं, मुलीच्या हिरड्यांना लावायला औषध दिलं, लघवी तपासायला घेतली. मूत्रपिंडं बघावी लागतील, महिनोन्महिने लक्ष ठेवावं लागेल, म्हणाले. मग मला विचारलं, "आपण कोण यांच्या?" मी म्हटलं, "पाहुणी."

एस.टी.ला अवकाश होता म्हणून शालनला मांडवीच्या किनाऱ्यावर नेलं. घरापासून एवढ्याशा अंतरावर समुद्र, आणि पोरीनं तो एकदाच बघितलेला. रविवारची गर्दी ओसरलेली, भेळवाले रिकामे बसलेले. मी भेळ घेऊन दिली. तिनं एक घास घेतला, डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुडी नीट गुंडाळून आईकडं दिली आणि म्हणाली, "तोंड बरं झाल्यावर खाईन." आम्ही तिघी पुळणीवर बसून राहिलो. समुद्राचं वर्णन मी करू शकत नाही, माझं लक्ष नव्हतं.

मंगळवार, पाली

मी रात्रभर आराखडा केला होता. राख खणून पत्र्याच्या डब्यात बंद करायची, वाफा उकरायचा, विहीर उपसायची, कठडा बांधून घ्यायचा. खर्च मधुकर करेल, तो कबूल झाला होता. दोन पावसाळे गेले, की पाणी पुन्हा तपासू. तोवर पिण्याचं पाणी कारखान्याच्या गाडीतून येईल. सगळं होण्यासारखं होतं. मी पार्वतीला कागद दाखवून समजावलं, पहिलं हे, मग ते. मधुकरनं त्याच सकाळी राख उकरायला दोन माणसं लावली.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी एकटी असते तर ऱ्हायले असते, बाई. कुनाला सांगितलं पन नसतं. पन पोरीच्या तोंडाकडं बघितलं की मला ह्या घरात घास जात नाय. तितं मोठं डाक्टर हायत. आमी जातो मुंबईला."

"शाळा तिची?"

"तितं पन असंल की शाळा."

"आणि शेत?"

ती पदरानं ओटा पुसत राहिली. पुसायला तिथं काही नव्हतं.

मग तिनं फळीवरून आंतर्देशीय पत्र काढलं आणि माझ्यापुढं ठेवलं. तिला सहीपुरतं लिहिता येतं, आणि शालनकडून हे लिहून घ्यायचं नव्हतं. "तुमी लिवा. मी सांगते."

मी पेन काढलं. ती भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगायला लागली. विहिरीचं पाणी पिण्यासारखं नाही. शालनचं तोंड आलंय, मुंबईला दाखवायचं आहे. शिमग्याआधी घर बंद करायला या. बैल वरच्या वाडीत देऊन टाका. मी एकेक वाक्य लिहीत होते. मध्ये थांबून म्हटलं, "पार्वती, कशामुळं झालं तेही लिहू दे. कोळशाबद्दल मी सांगायला विसरले, असं सरळ लिहिते. त्यांना कळायला हवं. नाहीतर ते तुलाच बोलतील."

"नाय," ती म्हणाली. "ते रागीट हायत. सांगलीला येऊन उभं ऱ्हातील तुमच्या दारात." मग तिनं डोळे उघडले. "खाली येवढंच लिवा. बाई आल्या व्हत्या. त्यांनी लय केलं आपल्यासाठी. त्यांना दोष देऊ नका."

मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही. ती म्हणाली, "माजं पत्र हाय, बाई." आणि वाट बघत बसली. शेवटी मी लिहिलं, माझ्याच अक्षरात, तिनं सांगितलं तसं. तिनं त्याखाली सही केली, एकेक अक्षर सावकाश, दुखऱ्या बोटांनी.